कडप्प्याच्या पलीकडे

"आई, पाय जरा वर घ्या."

सासूबाईंनी पाय वर घेतले नाहीत. त्या उठल्या, काठी घेतली आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मशीन त्यांच्या रिकाम्या खुर्चीखाली शिरलं, मागच्या पायाला हलकेच धडकलं, वळलं आणि सोफ्याकडे निघालं.

"गेलं का?" त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"खुर्चीखालचं झालं. बसा आता."

"राहू दे. इथं बरंय."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आम्ही दोघीच राहत होतो. श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष उलटलं होतं. मी तिथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मला जागा मिळाली होती आणि पत्राला होकार कळवून झाला होता. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. स्वयंपाक त्या उभ्यानं करायच्या, पूजा स्टुलावर बसून करायच्या, पण केर काढणं त्यांना शक्य नव्हतं. आमच्याकडच्या शालनबाई मुलाकडे जयसिंगपूरला राहायला गेल्या होत्या. त्यांच्यानंतर आलेली एकही बाई सासूबाईंपुढे टिकली नाही. आणि पायाला जरा कचकच लागली तरी सासूबाईंना जेवण जात नसे.

म्हणून मी ते मशीन आणलं. गोल, चपटं, पोळपाटाहून थोडं मोठं. ते घरभर आपोआप फिरतं, केर ओढून घेतं आणि काम झालं की आपल्या जागेवर जाऊन चार्जिंगला लागतं. जायला अवकाश होता. तेवढ्यात ते या घराला चालतं की नाही हे मला पाहायचं होतं. चाललं तर सासूबाई इथेच राहतील. नाही चाललं तर माझ्या नणंद हेमाताई त्यांना इचलकरंजीला नेतील आणि फ्लॅटला कुलूप लागेल.

खरं तर मला आणखी एक गोष्ट पाहायची होती. श्रीरंग नसताना त्या घरात मी कोण होते, हे मला कळत नव्हतं. मी गेल्यावर तिथे माझी कुणी वाट पाहणार होतं का? हे विचारायची सोय नव्हती. मशीनबद्दल विचारता येत होतं.

"कसं वाटतंय, आई? चालेल?"

"मला काय विचारतीयस? तू आणलंयस, तू ठरव."

बंगळूरच्या पत्राबद्दल सांगितलं तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या. "जायचं तर जा. मला कशाला विचारतीयस?" मग त्यांनी मला न्यायला डबे काढून ठेवले. चिवड्याचा, मेतकुटाचा, भाजणीचा. एका माणसाला पुरतील असे छोटे डबे. मी त्या डब्यांकडे बराच वेळ पाहत राहिले होते.

मशीन आपल्या पद्धतीनं घर शिकत होतं. फोनवर त्याचा नकाशा उमटायचा. जिथे फिरलं ती जागा पांढरी, जिथे गेलं नाही ती करडी. सतरंजीच्या दशा त्यानं पहिल्याच दिवशी चाकात गुंडाळून घेतल्या. दुसऱ्या दिवशी देवघरासमोर पडलेली फुलवात गिळली. सासूबाईंनी ती केराच्या कप्प्यातून काढायला लावली आणि वातीकडे आणि मशीनकडे आळीपाळीनं पाहिलं.

"देवाचं पण सोडत नाही," त्या म्हणाल्या.

या सगळ्याला उपाय होता. सतरंजी गुंडाळून ठेवली, वातींचा डबा वर ठेवला. एका गोष्टीला मात्र उपाय सापडेना. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये कडप्प्याचा एक काळा पट्टा होता. जमिनीच्या सपाटीतच बसवलेला, हातभर रुंद. मशीन तिथवर यायचं, थबकायचं, मागे सरायचं, पुन्हा यायचं, पुन्हा थबकायचं.

"कशाला घाबरतंय ते तिथं?" सासूबाईंनी विचारलं. त्या मशीनकडे पाहत नाहीत असा माझा समज होता.

"त्याच्या पोटाला खाली पाहणारे डोळे असतात. ते जमिनीवर उजेड टाकतात आणि परत येतो का ते बघतात. जिन्याच्या कडेला उजेड परत येत नाही. मग ते थांबतं, पडू नये म्हणून. काळा दगडही उजेड परत देत नाही. त्याला तिथं खड्डा दिसतो."

"खड्डा कुठाय? ह्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलाय तो दगड. एवढासा उंच-सखल नाही."

"त्याला ते कळत नाही ना."

"मग काय कळतंय त्याला?"

मी त्या पट्ट्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पाहिली. मशीन पलीकडे गेलं. संध्याकाळी कॉलेजातून आले तर चिकटपट्टी उकलून तिची गोळी करून ओट्यावर ठेवलेली होती. खाली वाकता येत नसताना त्यांनी ती कशी काढली, कोण जाणे. बहुधा काठीच्या टोकानं.

"घराला जखम झाल्यासारखी दिसत होती," त्या म्हणाल्या.

मग मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरासाठी मशीन उचलायची आणि पट्ट्यापलीकडे ठेवायची. ते काही जड नव्हतं. पण त्यासाठी वाकावं लागायचं.

"उचलून ठेवायला माणूस लागतंय, मग ते कसलं मशीन?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः त्याला हात म्हणून लावला नव्हता. वरचं मोठं बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, हे मी त्यांना दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं, एवढंच.

समोरच्या चौगुले काकू एकदा मुद्दाम मशीन बघायला आल्या.

"अगंबाई, हेच होय ते! ह्याला हळदीकुंकवाला बोलवायचं का आता?"

"बोलवा की," सासूबाई म्हणाल्या. "पण हिंदी बोलतंय ते. मराठी येत नाही."

ते खरं होतं. मशीनमधला बाईचा आवाज हिंदीतून सूचना द्यायचा आणि तो बदलून मराठी करायची सोय नव्हती.

"चहा नको, पगारवाढ नको, दिवाळीची साडी नको," काकू म्हणाल्या. "शालनचे केवढे लाड होते तुमच्याकडं! सगळ्या बिल्डिंगीत तुमचीच ही पद्धत. आधी चहा, मग झाडू. आमच्याकडं काम झाल्यावर चहा."

"दमून यायची बिचारी."

"सकाळी सकाळी कशानं दमतीय? माझ्याकडं तर ती उड्या मारत यायची."

सासूबाई काठी घेऊन चहा ठेवायला उठल्या. मला मात्र ते दृश्य आठवलं. श्रीरंग दारात बूट घालत असायचा तेव्हाच शालनबाई यायच्या. तो लिफ्टमध्ये शिरला की सासूबाई त्यांना स्वयंपाकघराच्या दारात बसवायच्या, कपबशी पुढे करायच्या आणि जयसिंगपूरच्या मुलाची, नातवंडांची चौकशी करत राहायच्या. चहा गार व्हायचा, चौकशी चालू राहायची. श्रीरंगचा कुपवाडच्या कारखान्यातून "पोचलो" म्हणून फोन येऊन जायचा, तेव्हा कुठे शालनबाई कप विसळून झाडू हातात घ्यायच्या. मला ते सासूबाईंच्या स्वभावातलं एक विसंगत वैशिष्ट्य वाटायचं. बाकी कुणाशीच त्या इतक्या गप्पा मारत नसत.

मी जायच्या आधीच्या रविवारी हेमाताई आल्या. त्या श्रीरंगपेक्षा मोठ्या. सरळ बोलणाऱ्या. चपला काढता काढताच त्यांनी मशीन पाहिलं.

"हे बघणार होय आईकडं?"

"केराकडं बघेल," सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "माझ्याकडं बघायला मी काय केर आहे?"

"आई, चेष्टा नको. पडलीबिडलीस तर? इचलकरंजीला चल म्हणते तर ते नाही."

"मी कुठं जात नाही. तुझ्या सासूला न् मला एका घरात ठेवून काय दंगल बघायचीय तुला?"

हेमाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"नीरजा, तुझ्यावर राग नाही माझा. शिकलेली आहेस, वय आहे, जावंसच तू. पण खरं सांग. तू परत येणारेस का?"

"सुट्टीत येईन, ताई."

"ते पाहुणे पण येतात. मी घराचं म्हणतीय. श्रीरंग होता तोवर ठीक होतं. आता तुझं इथं आहे कोण? उद्या तू तिकडचीच झालीस तर त्यात काही चूक नाही. पण मग हे मशीन, हे फोनवर बघणं, हा सगळा खेळ किती दिवस? त्यापेक्षा आत्ताच काय ते ठरवू."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. त्या मेथीची पानं खुडत होत्या. एक काडी त्यांनी जरा जास्त लहान मोडली. बाकी काही नाही.

"बघू," मी म्हणाले. "आई म्हणतील तसं."

"आई काय म्हणणार?" हेमाताई म्हणाल्या.

 आईंनी मेथीची चाळणी उचलली आणि त्या आत गेल्या.

पहिले काही दिवस मी घरात असतानाच मशीन चालवलं, मग ते सुरू कधी व्हावं हे फोनवरच ठरवून दिलं. घर रिकामं झालं की आपोआप सुरू, अशी त्यात एक सोय होती. घरातल्या माणसाचा फोन थोडा लांब गेला की मशीन समजायचं, घरात कुणी नाही. मी कॉलेजला निघताना सासूबाई माझ्याबरोबरच खाली उतरायच्या आणि सोसायटीच्या आवारातल्या दत्ताच्या देवळात तास-दीड तास बसायच्या. त्या वर येईतो हॉल झालेला असायचा. मशीन फिरताना त्यांना पाहावं लागत नसे आणि पायात येण्याची भीतीही नव्हती. ते नेमकं कधी सुरू होतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन होता. तो मशीनला जोडता येत नव्हता. त्यामुळे मशीनच्या लेखी त्या घरात एकच माणूस राहत होतं. मी.

जायच्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्या नाहीत.

"गुडघा बोलतोय आज," त्या म्हणाल्या.

"शेकून देऊ का?"

"नको. तुझी गाडी चुकेल."

गाडी मिरजेहून दुपारची होती, वेळ होता. पण मी आग्रह केला नाही. सामान लिफ्टपाशी नेऊन ठेवलं. त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला.

"निघते, आई."

एरवी मी कॉलेजला जाताना जरी असं म्हटलं तरी त्या लगेच दुरुस्त करायच्या. "निघते काय? येते म्हण." चौदा वर्षं त्या हे म्हणत आल्या होत्या आणि मी चौदा वर्षं विसरत आले होते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाण्याची बाटली घेतलीस?"

"घेतली."

"बरं."

लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. खाली उतरताना मी स्वतःशी नोंद केली, दुरुस्त केलं नाही. त्याचा अर्थ मी मला जो वाटला तो लावला. हेमाताई बरोबर होत्या, एवढाच तो अर्थ होता.

रिक्षा मिरज रस्त्याला लागली तेव्हा फोन थरथरला. सफाई सुरू झाल्याचा निरोप होता. मी नकाशा उघडला. चार्जिंगच्या जागेपासून एक पांढरी रेघ निघाली होती आणि दाराच्या दिशेनं येत होती. दारापाशी पोचायच्या जरा आधी ती थांबली.

दुसरा निरोप आला. चाकं जमिनीला टेकलेली नाहीत. यंत्र सपाट जागेवर ठेवा.

मी फोनकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं तोच निरोप पुन्हा आला. मग पुन्हा. मशीन उचललं होतं. घरात एकच माणूस होतं, ज्याला वाकता येत नव्हतं. त्या पडल्या असाव्यात, मशीनवरच पडल्या असाव्यात, असं माझ्या मनात आलं. मी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. रिक्षावाल्याला मी थांबायला सांगितलं.

शेवटी फोन उचलला गेला.

"हॅलो."

"आई! काय झालं? पडलात का?"

"मी कशाला पडू?" त्यांना धाप लागली होती. त्यांच्या आवाजाच्या अगदी जवळून दुसरी बाई हिंदीत बोलत होती. "कृपया मुझे समतल जगह पर रखें."

"मशीन कुठाय?"

"मांडीवर."

"मांडीवर?"

"दाराकडं निघालं होतं झपाझपा. स्टूल ओढलं, बसले आणि उचललं. एवढंसं दिसतंय, पण वळवळतंय किती."

"आई, बटण दाबायचं. दाखवलं होतं ना मी."

"सुचलं नाही तेव्हा."

"बरं, आता दाबा आणि खाली ठेवा. काही करणार नाही ते."

"ठेवणार नाही."

"कृपया मुझे समतल जगह पर रखें," मशीन म्हणालं.

"गप ग," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू कुठवर गेलीस?"

"मिरज रस्त्याला आहे अजून."

"मग आधी पोच. पोचलीस की फोन कर. मग काढू केर."

"मी उद्या पहाटे पोचणार, आई."

"मग उद्या पहाटे."

"तोवर घर तसंच?"

 मशीन एकदम गप्प झालं. बहुधा त्यांना बटण सापडलं.

"माणूस बाहेर पडल्या पडल्या मागं केर काढत नाहीत, नीरजा," त्या म्हणाल्या. "ज्यानं परत यायचंय, त्याच्या मागं नाही काढत. एवढं शिकलीस, हे कसं माहीत नाही तुला?"

मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं तसं. पण शालनबाईंची कपबशी मला त्या क्षणापर्यंत कळली नव्हती.

"ठेवते आता," त्या म्हणाल्या. "रिक्षावाल्याला हळू चालव म्हणावं."

रिक्षा पुन्हा सुरू झाली. त्या घरात माणूस बाहेर पडल्याबरोबर केर काढलेला मी एकदाच पाहिला होता. श्रीरंगला नेलं त्या सकाळी. माणसं जिना उतरून गेली तशी शेजारच्या बायकांनी हॉल झाडायला घेतला. तशी रीत आहे. सासूबाई भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. झाडू त्यांच्याजवळ आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाय जरा वर घ्या. त्यांनी घेतले.

गाडीत मी मशीनची ती सोय बंद केली. घर रिकामं झालं की सुरू, या ओळीसमोरची खूण पुसली. संध्याकाळपर्यंत नकाशा तसाच होता. सगळं घर करडं आणि त्यात दाराकडे निघालेली, मध्येच तुटलेली एक पांढरी रेघ.

बंगळूरला उतरले तेव्हा नुकतं फटफटत होतं. फलाटावर सामान ठेवून मी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचले, आई."

"सगळं सामान उतरवलंस?"

"हो."

"डबे?"

"डबे पण."

"बरं. ठेव मग. मला काम आहे."

त्यांनी फोन ठेवला. मी हमाल शोधत होते तेवढ्यात हातातला फोन थरथरला. सफाई सुरू. यावेळी फोनवरून नव्हे, यंत्रावरचं बटण दाबून, असं त्यात लिहिलं होतं.

मी सुटकेसवर बसले. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. नकाशावर हॉल हळूहळू पांढरा होत गेला. खुर्चीखालची जागा, सोफ्याची मागची बाजू, दार. मग रेघ कडप्प्याच्या पट्ट्यापाशी आली आणि थांबली. मागे सरली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. मला वाटलं, आता इथेच संपेल.

चाकं जमिनीला टेकलेली नाहीत.

हा निरोप आला तेव्हा मी उठून उभी राहिले. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर स्टूल ओढलं, बसले, हात खाली नेले. गुडघा सांभाळून तिरकं झालं की पोचत असणार हात. नकाशा बराच वेळ हलला नाही.

मग काळ्या पट्ट्याच्या पलीकडे, स्वयंपाकघरात, ओट्याच्या पायथ्याशी एक पांढरा ठिपका उमटला आणि त्यातून रेघ निघाली.